अंगावर फोड नाही, मग नागीण कशी?

प्रश्न : माझं वय ६१. आठ महिन्यांत उजवा डोळा तीनदा लाल झाला. दुखतो, उजेड सोसवत नाही. पहिल्या खेपेआधी चार दिवस उजव्या कपाळाची आग होत होती, केस विंचरतानाही कळ यायची. थेंब घातले की बरं, बंद केले की पुन्हा तेच. आता नवे डॉक्टर म्हणतात, ही डोळ्यातली नागीण असावी. पण एकही फोड आला नाही! डोळ्यातलं पाणी सुईनं काढून तपासायचं म्हणतात. काढू देऊ का?

उत्तर : काढू द्या. कपाळाची ती आग पहिल्या डॉक्टरांना सांगितली होती का? बहुतेक जण सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही.

नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. तो शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. कपाळ आणि डोळा एकाच मज्जातंतूच्या फांद्यांवर. जागा झालेला विषाणू क्वचित त्वचेकडे न फिरकता डोळ्यातच उतरतो.

मी स्वतः यात फसलो आहे. एका रुग्णाला दोन महिने साधा दाह समजून स्टेरॉइडचे थेंब देत होतो. डोळ्याचा दाब चढून ३४ झाला, तो मी स्टेरॉइडच्या माथी मारला. एरवी अशा दाहात दाब बरेचदा उतरतो. नागिणीत पाणी निचरा होण्याची जाळीच सुजते, म्हणून चढतो. मग एकदा सुन्न करणारा थेंब टाकण्याआधी कापसाचा धागा बुबुळाला लावून पाहिला. चांगल्या डोळ्याची पापणी फडकन मिटली, दुखऱ्याची जेमतेम हलली. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा एक तुकडा झिजून त्यातून उजेड आरपार दिसत होता. (थेंब आधी टाकला की धाग्याची परीक्षा वाया, आणि घाईच्या ओपीडीत तो आधीच पडतो.)

तरी या खुणांवर शिक्का मारता येत नाही. साध्या हर्पिसचा (ओठावर फोड आणणारा) विषाणूही असंच करतो. रक्तात अँटिबॉडी सापडल्या तर एवढंच कळतं, की कधीतरी कांजिण्या झाल्या होत्या. म्हणून डोळ्यातलं पाणी. डोळा सुन्न करून जेमतेम दोन थेंब काढतात, पीसीआरला, म्हणजे विषाणूचा अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवतात. डोळा लाल असतानाच काढलेलं बरं. अहवाल निगेटिव्ह आला तरी नागीण नाहीच असं ठरत नाही.

अहवालासाठी औषध मात्र लांबवू नका. विषाणूवरचं औषध असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, ही नेहमीची मात्रा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा, मात्रा बदलते. स्टेरॉइडचे थेंब एकदम बंद करू नका, आठवडे-महिने घेत हळूहळू उतरवावे लागतात. तुमचा डोळा परत परत लाल होण्यामागे तेही असू शकेल.

बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला, मागचा पडदा (रेटिना) तपासला आहे ना, विचारून घ्या. काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजर धूसर झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवा.