भा. रा. भागवत मुलाला वाचून दाखवायचे असतील तर

सुरुवात त्यांच्या फास्टर फेणे मालिकेतल्या ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’पासूनच करा. मालिकेत 20 पुस्तकं आहेत आणि पुढची कुठूनही वाचली तरी फारसं अडत नाही, पण नायक बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो, त्याचा ‘फास्टर’ होतो, हे आधी कळलेलं बरं. वीसही पुस्तकांचा संच पहिल्याच दिवशी घेऊ नका. ढीग बघूनच पोरं बिचकतात.

सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज एखादंच प्रकरण, तेही मोठ्याने. फेणेचं ते ठरलेलं ‘ट्टॉक्’ नुसतं वाचायचं नाही. जीभ टाळूला चिकटवून झटक्यात सोडायची, आवाज आला पाहिजे. इथे लाजलात की निम्मी मजा गेली.

मुलं अडतात ती भाषेपेक्षा काळावर. ट्रंककॉल, तार या गोष्टी त्यांनी पाहिलेल्याच नसतात. एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. गोष्ट थांबवून इतिहासाचा तास घेतला की पुस्तक मिटलंच. ‘जवानमर्द फास्टर फेणे’ मात्र जरा उशिरा द्या, त्यामागे चीनचं युद्ध आहे.

2017 चा ‘फास्टर फेणे’ सिनेमा आधी दाखवू नका. त्यातला फेणे मोठा आहे, पुस्तकातला शाळकरी, किडकिडीत, सायकलवेडा. सिनेमा आधी पाहिला की मुलं पुस्तकात त्यातला नट अमेय वाघ शोधत बसतात.

फेणे अंगवळणी पडला की भागवतांनी मराठीत आणलेला फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न घ्या. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ दहा-अकराव्या वर्षी छान जमतं.