पट दिसत नाही म्हणणाऱ्या पोरीला

पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता. लगेच उत्तर दिलं नाही, कारण चिडलो होतो, आणि चिडून लिहिलेलं तू नेमकं जपून ठेवतेस. आताही राग पुरता गेलेला नाही, तेवढं समजून वाच.

'काका, मला पट दिसतच नाही. चौथ्या पटापर्यंत सगळं काळं होतं. ज्यांना दिसतं त्यांचंच हे काम.' पाठ फिरवून, नुसत्या चाली ऐकून एकाच वेळी चार-सहा पट बुद्धिबळ खेळायचं तर डोक्यात पट दिसायलाच पाहिजे, हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? मलाही दिसत नाही. कधीच दिसला नाही. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञालाही वाटलं होतं की न बघता खेळणाऱ्यांच्या डोक्यात पटाचा फोटो असणार. त्याने खेळाडूंना गाठून खोदून खोदून विचारलं आणि १८९४ साली त्यावर पुस्तक काढलं. निघालं भलतंच. चांगले चांगले खेळाडू म्हणाले, सोंगट्यांचा रंग दिसत नाही, आकार दिसत नाही. कोण कुणावर नेम धरून आहे तेवढं कळतं. एकाने डोक्यातला डाव कागदावर काढून दिला, तर त्यात सोंगट्या नावाला आणि त्यांच्या जोराच्या रेघाच रेघा.

तुझ्या आजीला विचार, महाल भागातल्या त्यांच्या जुन्या वाड्याला खिडक्या किती होत्या. नाही सांगता येणार. पण कोणत्या खोलीतलं कोण कुणाशी बोलत नव्हतं आणि काहून बोलत नव्हतं, हे आजही घडाघडा सांगेल. तुला पट तसा यायला पाहिजे.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि या पत्रात अजून चारदा सांगणार आहे: सोंगटीचं घर लक्षात ठेवू नको, ती तिथे काहून आली ते कारण लक्षात ठेव.

त्या दिवशी धरमपेठेत काय झालं ते बघ. दुसऱ्या पटावर तू इटालियन सुरुवात खेळत होतीस, उंट सी-४ या घरावर. चौथ्यावर दुसरी सुरुवात, वजिराचा गॅम्बिट, उंट जी-५ वर. दोन्हीकडे काळ्याने प्यादं एच-६ ला ढकललं. तू दुसऱ्या पटाला ठणकावून सांगितलंस, 'उंट एच-४', आणि लोक हसले. हसणारच, सी-४ वरचा उंट एच-४ ला जाईल कुठून? तुझं म्हणणं, दोन पट एकमेकांत मिसळले. पट नाही मिसळले. तू 'एच-६' एवढंच ऐकलंस आणि तेवढंच ठेवून घेतलंस. दुसऱ्या पटावरचं प्यादं पुढे आलं ते तुझा घोडा जी-५ वर येऊन एफ-७ वर बसू नये म्हणून. चौथ्या पटावरचं आलं ते तुझ्या उंटाला हुसकायला, म्हणजे मार नाहीतर हट. एकाला भीती आहे, दुसरा दटावतोय. हे दोघं तुला सारखे वाटले? समोरासमोर बसून खेळताना तरी वाटले असते का?

ती चाल ऐकल्यावर अर्ध्या मिनिटाची घाई कशाची होती तुला? थांबायचं. 'हा काहून आला?' हे मनात विचारायचं. उत्तर मिळाल्याशिवाय आपली चाल सांगायची नाही, मग सगळा हॉल जांभया देईना का.

१९७३ साली चेस आणि सायमन या दोन संशोधकांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि रिकाम्या पटावर लावायला सांगायची. मास्टरने बहुतेक सोंगट्या जागेवर लावल्या, नवशिक्याला चार-पाच जमल्या. मग त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून दाखवल्या, तर मास्टरही नवशिक्याच्या रांगेत. स्मरणशक्ती तीच, माणूस तोच. विखुरलेल्या सोंगट्यांना कारण नव्हतं, म्हणून त्या डोक्यात राहिल्या नाहीत. आणि तू ते स्मरणशक्ती वाढवायचं ॲप विकत घेतलंस! पैसे किती गेले ते सांगू नको मला.

एक गोष्ट मात्र तुझी बरोबर आहे. लिंबूटिंबू खेळाडू सगळ्यात जास्त छळतात. चांगला खेळाडू शहाण्यासारखा खेळतो, त्याचा डाव आपोआप ध्यानात राहतो. हा उगाच हत्तीकडचं प्यादं ढकलतो, मग दुसरीकडचं ढकलतो, मग घोडा परत घरी. अशा वेळी कारण तू द्यायचं. 'याला इथे काही सुचलं नाही.' हेही कारणच आहे. मी अशा चालीला मनात शिवी हासडतो. तू नको हासडू, पण खूण काहीतरी ठेव.

सुरुवातीच्या चाली सगळ्यात अवघड, कारण तेव्हा सगळे डाव एका चेहऱ्याचे असतात. म्हणून मोठे खेळाडू पटांचे गट पाडतात, या गटात राजाचं प्यादं, त्या गटात वजिराचं. पंधरा-वीस चालींनंतर प्रत्येक डाव आपला आपण ओळखू येतो. तुझी घसरण नेहमी आठव्या-दहाव्या चालीला होते, तुझ्या वहीत बघ. तेवढा चढ निभावलास की पुढे उतार आहे. आणि हरवलीसच तर अंदाजाने चाल फेकायची नाही. त्या पटाची पहिली चाल धर आणि प्रत्येकीचं कारण म्हणत खाली ये. जिथे कारण आठवत नाही तिथेच तू झोपली होतीस.

आता मावशीचं. 'डोक्यावर परिणाम होतो.' मावशी काही नवीन सांगत नाही आहे. फ्रान्सचा जुना नामी खेळाडू फिलिडोर लंडनमध्ये न बघता दोन-तीन डाव खेळायचा, तर १७८२ मध्ये खुद्द दिदरो या फ्रेंच विचारवंताने त्याला पत्र लिहून समजावलं होतं की असल्या करामतीपायी बुद्धी पणाला लावू नकोस. रशियात १९३० साली अशा खेळांवर बंदीच आली. अमेरिकेच्या पिल्सबरीने १९०२ मध्ये मॉस्कोला बावीस पट खेळले आणि १९०६ मध्ये तेहतिसाव्या वर्षी तो गेला, तर लोकांनी बोट दाखवलं ते या खेळाकडे. मेला बिचारा वेगळ्याच आजाराने. आणि बेल्जियमचा कोल्टानोव्स्की? १९३७ मध्ये एडिनबरोला चौतीस पट, एकही हरला नाही, आणि जगला शहाण्णव वर्षं. त्याचं उदाहरण कोणतीच मावशी देत नाही.

मलाही अशीच माणसं भेटली. डोळ्यांवर दुपट्टा बांधून मी गणपतीच्या मांडवात पाच-सहा पट खेळायचो, तेव्हा घरात म्हणायचे वेडा होशील आणि क्लबातले शहाणे म्हणायचे, हा तमाशा सोड, रेटिंगचं बघ. (दुपट्टा लोकांसाठी असतो, बरं. पाठ फिरवून बसलं तरी काम तेच.) मी घरच्यांचं ऐकलं. नोकरी लागली, आणि ऐन उमेदीची वर्षं पटाशिवाय गेली. त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. टायटल नाही म्हणून आता कुणी सल्ला विचारत नाही. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियात बटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून नागपुरात ज्याच्या त्याच्या पोराला ग्रँडमास्टरच शिकवायला पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं. पण मला एक सांग, रेटिंगवाल्या त्या शहाण्यांपैकी किती जणांना स्वतःचा कालचा डाव पट न मांडता सांगता येतो? मला मांडवातले डाव आजही येतात. समोर कोण होतं, कुठे चुकला, काहून चुकला, सगळं. याला तमाशा म्हणायचं असेल तर म्हणोत.

नायडोर्फचं तुला कधी सांगितलं नाही वाटतं. पोलंडचा माणूस, १९३९ मध्ये ऑलिंपियाडसाठी ब्युनोस आयर्सला गेला आणि युद्ध पेटलं, तिथेच राहिला. मागे सगळं घरदार. त्याने १९४३ मध्ये रोसारिओला न बघता चाळीस पट खेळले. का, तर एवढा मोठा विक्रम जगभर छापून येईल, घरच्यांपैकी कुणी वाचेल, आपण जिवंत आहोत हे त्यांना कळेल. कुणी उरलं नव्हतं. १९४७ मध्ये साव पावलोला तो पुन्हा बसला, पंचेचाळीस पट, एकोणचाळीस जिंकले. पुढे २०१६ मध्ये गारेयेव या ग्रँडमास्टरने लास वेगासला व्यायामाची सायकल चालवत अठ्ठेचाळीस खेळले, तेही मोठंच. पण मला नायडोर्फ आवडतो. तू का बसतेस पाठ फिरवून, हे तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही. 'मला जमत नाही' तीनदा आहे. मला कौतुकाचं उत्तर नको, खरं पाहिजे. लोक टाळ्या वाजवतात म्हणून, असं असेल तरी चालेल.

त्या आयोजकाला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे ना? हो म्हण, पण सहा पट नाही, तीनच. चाली पुकारणारा माणूस आपला पाहिजे, आणि त्याने पटाचा नंबर आधी सांगून चाल दोनदा म्हणायची. तुझ्या पाठीशी कूलर नको. मागच्या वेळी त्या घरघरीत तू 'डी' चं 'बी' ऐकलंस आणि दोष डोक्याला दिलास. लिंबूटिंबू एकापेक्षा जास्त नकोत. सहाच पाहिजेत म्हणून अडून बसला तर त्याला माझा नंबर दे. माझं त्याच्याशी जुनं आहे.

— काका