शेवटच्या आठवड्यात पाच चाचण्या

"मॅडम, अभ्यास करते, पण डोक्यात काही राहतच नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

ऑक्टोबर आला की हे वाक्य माझ्याकडे हमखास येतं. या वेळी ते म्हणाली गोव्यात पेडण्याहून रोज कदंबा बसने म्हापशाला कॉलेजात येणारी एक मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) झोप उडालेली, जेवण तुटलेलं.

मी तिला कोरा कागद दिला. वर्गांच्या शेवटच्या आठवड्यात काय काय आहे, ते वारानुसार लिहायला सांगितलं. फोनवरचे ग्रुपचे मेसेज वरखाली करत ती लिहू लागली. सोमवारी दोन आयएसए, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत चाचण्या. मंगळवारी प्रेझेंटेशन. बुधवारी जर्नल आणि आणखी एक आयएसए. गुरुवारी पुन्हा दोन. तिथे पेन थांबलं. "हे एकत्र कधी बघितलंच नव्हतं. हे कुणालाही जड जाईल ना?"

जाईलच. त्यात झोप सोडली तर वाचलेलं पक्कं होत नाही, कारण ते काम मेंदू बरंचसं झोपेतच करतो. डोक्यात काही न राहण्याचं कारण तिच्या बुद्धीत नव्हतं.

ही गर्दी होते कशी, तेही मुलांना कळायला हवं. सत्रात शिकवण्याचे ९० दिवस भरायचे असतात, मध्येच चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची सुट्टी येते. "भाग संपू दे, मग चाचणी घेऊ," असं प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयापुरतं ठरवतो आणि सगळ्या तारखा एकाच आठवड्यात येऊन पडतात. हेतू कुणाचाच वाईट नसतो, पण भार मुलांवर येतो आणि तो मला अजिबात मान्य नाही.

तिचा मामेभाऊ अमेरिकेत शिकतो. तिथल्या अनेक विद्यापीठांत वर्गांच्या शेवटच्या आठवड्यातल्या परीक्षांवर नियमानेच मर्यादा असते, आधी न सांगितलेलं मोठं काम ऐनवेळी देता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तर वर्ग संपल्यावर उजळणीसाठी वेगळा आठवडाच राखलेला असतो. "आमच्याकडे कुठला नियम दाखवू?" तिने विचारलं.

नियम दाखवता आला नाही तरी विनंती करता येते. आयएसएच्या तारखा कॉलेजातच ठरतात. तोच कागद घेऊन ती वर्गप्रतिनिधीसोबत विभागप्रमुखांकडे गेली. चाचण्या रद्द करा, असं तिने म्हटलं नाही. एका दिवशी एकच ठेवा, एवढंच मागितलं. सोमवारची एक चाचणी आधीच्या शुक्रवारी गेली. गुरुवारच्या दोन्ही मात्र तशाच राहिल्या. त्यांच्यासाठी आम्ही आदल्या दिवसाचा अभ्यास वाटून घेतला आणि रात्री अकराला पुस्तक मिटायचं ठरवलं. आईलाही तसं सांगून ठेवलं.

तुमचीही हीच चिंता असेल, तर असा कागद चवथीच्या सुट्टीआधीच करून शिक्षकांना दाखवा. तेव्हा तारखा हलवायला त्यांच्याकडेही जागा असते. आणि झोप, जेवण अनेक दिवस बिघडलेलं असेल, तर सत्र संपायची वाट पाहू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही फोन करता येतो.