संत्रा बर्फीचं नाव नोंदवताय? आधी हे बघा

ताई, घाई फक्त एकाच गोष्टीची करा: ते नाव आधीच कुणी घेतलंय का, हे शोधण्याची. बॉक्स छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधा, उच्चाराने मिळतीजुळती नावंही. मी आधी छापले. हजारभर लेबलं रद्दीत गेली.

'नागपुरी संत्रा बर्फी' हे नाव नकोच. ते मालाचं वर्णन झालं, ब्रँड नव्हे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप येतो. काहीतरी वेगळं, अगदी आजीचं टोपणनावही चालेल.

- नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते: मिठाई वर्ग ३०, सरबत ३२. दोन्ही विकणार असाल तर दोन फिया.
- एकट्या मालकाला ऑनलाइन प्रतिवर्ग ४,५०० रुपये.
- नोंदणी होईपर्यंत ® (नोंदणीकृत नावाची खूण) नको, तो गुन्हा आहे. टीएम (™) लिहा.

नोंदणी १० वर्षांची. नूतनीकरणाचं नंतर बघू.