जुन्या गाडीचे दिवे आणि आवाज: आधी एवढंच बघ

भावा, जुनी गाडी घेतलीस, छान केलंस. आधी डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे रंग ओळख: लाल दिवा म्हणजे बाजूला घेऊन थांब, पिवळा म्हणजे जपून गॅरेजपर्यंत ने.

- ऑइलचा लाल दिवा लागला की इंजिन तिथंच बंद. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' म्हणणाऱ्यांचीच इंजिनं खोलावी लागतात!
- सोलापूरच्या मे महिन्यात टेंपरेचरचा काटा चढला, तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. उकळतं पाणी अंगावर उडतं. पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बघ.

आवाज नेमका कधी येतो ते लिहून ठेव. ब्रेक दाबल्यावरची किंचाळी बहुधा पॅडची, वळताना कटकट ॲक्सल जॉइंटची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याची. मेकॅनिकला लक्षण सांग, पार्ट नको. दिवा विझवायला बॅटरीची वायर काढणं सोड. दोष तसाच राहतो. गाडीतले दोष वाचणारं स्कॅनर-बिनर नंतर बघू.