नोकरी गेली, मुलाची पोटगी बंद केली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की नोकरी गेल्यामुळे मुलाचे दरमहा 9,000 झेपत नाहीत, थांबवले तर काय होईल. मी समोरच्या बाजूची, म्हणजे पोटगी घेणारी. तरी सांगते, कारण हाच घोळ आमच्याकडे झालाय.

लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलीच्या बाबांची नोकरी गेली. "सध्या अर्धेच पाठवतो" असा व्हॉट्सॲप आला, मी "बरं" लिहिलं. चार महिन्यांनी अर्धेही बंद. मी वसुलीचा अर्ज टाकला तेव्हा त्यांनी तो "बरं" कोर्टात दाखवला. हुकूम बदलून घेतलात का, एवढंच साहेबांनी विचारलं. घेतला नव्हता. थकबाकी जुन्याच आकड्याने धरली गेली. माणूस खोटं बोलत नव्हता हो, अर्ज तेवढा केला नव्हता.

म्हणून आपणहून थांबवू नका. परिस्थिती बदलल्याचा पुरावा दिला तर पोटगी कमीही होते, वाढतेही. पूर्वी ते सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 खाली व्हायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 146 आहे. तुमचा हुकूम घटस्फोटाच्या निकालातला असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 बघावं लागेल, ते वकिलांना हुकमाची प्रत दाखवून विचारा. पण अर्ज याच आठवड्यात करा. आधीची थकबाकी त्याने पुसली जात नाही, उशीर कराल तितकी ती फुगते. वॉरंट निघालं तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आलात तरी पैसे माफ नाहीत.

कामावरून कमी केल्याचं पत्र, शेवटच्या पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट जोडा. राजीनामा स्वतःहून दिला असेल तर मात्र अवघड आहे. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकापोरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंजू गर्ग खटल्यात स्पष्ट म्हटलंय. शिवाय 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. त्यात काही लपवू नका, समोरचा तुमचं इन्स्टाग्राम उघडतोच. मीही उघडलं होतं. नव्या बुलेटवरचा फोटो सापडला. ती भावाची निघाली, पण ते पटवण्यात त्यांच्या दोन तारखा गेल्या.

निकाल लागेपर्यंत जमतील तेवढे दर महिन्याला पाठवत राहा. रोख नको, बँकेतूनच, आणि शेऱ्यात "पोटगी" आणि महिना लिहा.

मुलाची आई ऐकणारी असेल तर आधी तिच्याशी बोला आणि दोघांच्या सह्यांची तडजोडीची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात देऊन हुकूमच बदलून घ्या. तेव्हा असा कागद समोर आला असता तर मीही सही केली असती.