जिचे बोलणारे लिहिलेलं वाचत नाहीत अशा आफ्रिकी भाषेत बायबल ऑडिओवर कसं उतरवतात? आधी लिहावंच लागतं का?

नाही, लिहिण्याची गरज नसते. टांझानियातल्या एयासी सरोवराजवळची हाडझा भाषा घ्या. बोलणारे जेमतेम हजारभर. आपण हळहळताना ‘च्च च्च’ करतो, तसले आवाज तिथे चक्क व्यंजनं आहेत! ते कागदावर उतरवता येतात, पण वाचणार कोण?

अशा ठिकाणी मौखिक भाषांतराची पद्धत फार मोलाची वाटते. भाषांतरकार स्वाहिली या तिथल्या मोठ्या भाषेतला उतारा पुन्हा पुन्हा ऐकतो, प्रसंग मनात मुरवतो, मग आपल्या बोलीत सांगतो. ते रेकॉर्ड करून गावकऱ्यांना ऐकवतात आणि विचारतात: काय कळलं? इथेच खरा कस लागतो. हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त (लूक १५) शिकार नि मधावर जगणाऱ्या हाडझांना सांगायचा, तर शेजारच्या दातोगा या पशुपालक लोकांमुळे मेंढरू ओळखीचं असतं. पण एकासाठी नव्याण्णव सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची तगमग पोचली का, हे विचारूनच कळतं. नाही पोचली, तर पुन्हा रेकॉर्डिंग. शेवटी तज्ज्ञ त्याचं उलट भाषांतर (म्हणजे त्यांना कळणाऱ्या भाषेत पुन्हा केलेलं) ऐकून मूळ अर्थाशी ताडून बघतात.

लोकांना ऐकवायला सौरऊर्जेवरचे प्लेअर किंवा मोबाइलचं मेमरी कार्ड पुरतं.